दोघांचीच मैफल : पियानो आणि व्हायब्राफोन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगीतावर, आणि त्यातही जॅझसारख्या परमुलखातील संगीतावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे सारे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. घरी मराठी, शेजारी कन्नड, आणि संगीताचे म्हणाल तर सातवीपासून पेटीच्या वर्गाला जात होते, एवढीच काय ती शिदोरी. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण गेल्या वर्षी एका फजितीमुळे मला एक प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर उज्जैनला मावशीच्या घरी, एका जुन्या ध्वनिमुद्रिकेत, अगदी अनपेक्षितपणे सापडले. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फजिती अशी झाली. गेल्या स्नेहसंमेलनात मी आणि माझी एक वर्गमैत्रीण अशा दोघींनी पेटी आणि जलतरंग यांची जुगलबंदी सादर केली. मैत्रीण जलतरंग फार सुरेख वाजवते. एकच धून दोघींनी मिळून वाजवायची आणि शेवटी जितका वाढवता येईल तितका वेग वाढवायचा, असे आम्ही ठरवले होते. कारण जुगलबंदी म्हणजे हेच, अशी आमची समजूत. प्रत्यक्ष रंगमंचावर पेटीच्या आवाजात वाट्यांची किणकिण ऐकूच येईना. तिने काड्या जोराने मारल्या, तर मी भाता जोराने मारला. मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. त्या दाद देणाऱ्या नव्हत्या, हे सुज्ञांस सांगणे नको. पडदा पडल्यावर मैत्रीण एवढेच म्हणाली, "तुझ्या पेटीनं माझ्या वाट्या बुडवल्या गं." त्यानंतर कित्येक दिवस आम्ही एका बाकावर बसूनही कामापुरतेच बोलत होतो.

माझ्या मनात मात्र प्रश्न घोळत राहिला. दोन्ही वाद्ये सुरेल, दोन्ही सुरांत मिळवलेली, वाजवणाऱ्या दोघी बऱ्यापैकी तयार. मग एकत्र आल्यावर गोंगाट का व्हावा?

उज्जैनची ध्वनिमुद्रिका

उज्जैन म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील, शिंद्यांच्या अमलाखालील गाव. त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे पुष्कळ आहेत. माझ्या मावशीचे सासर त्यांपैकीच एक. काकांची नोकरी मुंबईला बँकेत झाली आणि निवृत्तीनंतर ते फ्रीगंजमधील आपल्या घरी परतले. येताना त्यांनी मुंबईहून दोन ट्रंका भरून ध्वनिमुद्रिका आणल्या. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली होती. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या महोत्सवात सॉनी रॉलिन्ससारखा जगप्रसिद्ध सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. काका तेव्हा पंचविशीच्या आतले. ते वेड तेव्हा लागले ते अजून सुटलेले नाही, असे मावशी म्हणते.

मे महिन्याच्या सुटीत मी तिथे गेले असता एका दुपारी माझी फजितीची कथा त्यांना सांगितली. काका हसले नाहीत. त्यांनी ट्रंकेतून एक ध्वनिमुद्रिका काढली, फडक्याने पुसली आणि लावली. बराच वेळ ऐकून मी विचारले, "काका, यात ठेका धरणारं कुणीच नाही?"

"नाही. ड्रम नाही, बास नाही, कुणी नाही. दोघंच आहेत. आणि दोघंही ठोकून वाजवायचीच वाद्यं वाजवताहेत. आता सांग, कोण कुणाला बुडवतंय?"

कोणीच कोणाला बुडवत नव्हते. ती ध्वनिमुद्रिका होती चिक कोरिया आणि गॅरी बर्टन यांची 'क्रिस्टल सायलेन्स'. नावाचा अर्थ स्फटिकासारखी निःशब्दता. कोरिया पियानोवर आणि बर्टन व्हायब्राफोनवर.

वाद्यांची ओळख

पियानो आपण चित्रपटांत तरी पाहिलेला असतो. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने ते वाद्य प्रथम घडवले. पट्टी दाबली की आत लोकरी नमद्याने मढवलेली एक हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. आजच्या पियानोला अशा ८८ पट्ट्या, म्हणजे सात सप्तकांहून थोड्या अधिक असतात.

व्हायब्राफोन त्या मानाने अगदी तरुण. १९२० च्या दशकात अमेरिकेत लीडी नावाच्या कंपनीने तो प्रथम बाजारात आणला. १९२७ मध्ये डीगन कंपनीने त्यात सुधारणा करून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पायाने दाबायचे पेडल बसवले. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणेच या धातूच्या पट्ट्या दोन रांगांत मांडलेल्या असतात. सर्वसाधारण वाद्यात त्या ३७, म्हणजे तीन सप्तके. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी असते. तिच्यामुळे पट्टीचा बारीक नाद भरून येतो. नळ्यांच्या तोंडाशी चकत्या असून त्या विजेच्या मोटरवर फिरतात. चकती उघडमीट करू लागली की स्वराला लहर येते. वाद्याचे नाव त्या लहरीवरूनच पडले. वादक उभा राहून, टोकाला दोऱ्याचे किंवा लोकरीचे गोळे असलेल्या काड्यांनी ते वाजवतो. आपल्या जलतरंगाचे हे धातूचे भावंड म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की जलतरंगात वाटीतील पाणी वाढवले की स्वर उतरतो आणि कमी केले की चढतो. इथे पट्टीची लांबी व जाडी कारखान्यातच ठरलेली असते.

आता या दोन वाद्यांतील साम्ये पाहा. दोन्ही आघाताची वाद्ये. दोन्हींचे स्वर पक्के. सारंगीसारखी मींड कोणालाच घेता येत नाही. दोन्हींना पेडल, ते दाबले तर नाद लांबतो, सोडले तर तुटतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्हींचा स्वर जन्मताच विरू लागतो. बासरीवाला फुंकर घालून स्वर टिकवतो, सारंगीवाला गजाने टिकवतो, पेटीवाली भात्याने टिकवते. पियानो आणि व्हायब्राफोन यांच्या वादकाला मात्र एकदा आघात केल्यावर त्या स्वराचे काही करता येत नाही. तो विरत जाणार आणि वादकाने तो विरताना ऐकायचा.

उज्जैनमध्ये असल्यामुळे हे समजायला मला घंटांची मदत झाली. संध्याकाळी क्षिप्रेच्या रामघाटावर आरती चालते. एकाच वेळी पाच-सहा घंटा घणघणतात तेव्हा त्यांतील एकही नीट ऐकू येत नाही. आरती संपल्यावर एखादा उशिरा आलेला यात्रेकरू एक टोल देतो आणि तो टोल विरत असताना पलीकडच्या देवळातून दुसरा येतो. तेव्हा दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. एवढेच नव्हे, तर दुसऱ्यामुळे पहिला जास्त लक्षात राहतो. घंटा त्याच, फक्त मधे जागा सापडलेली असते.

अडचण कोठे आहे?

पाश्चात्य संगीतात तीन-चार स्वर एकाच वेळी वाजवतात, त्याला कॉर्ड म्हणतात. आपल्या रागसंगीतात ही कल्पना नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जॅझच्या रचनेत आरंभी एक धून असते आणि तिच्याखाली कॉर्डांचा एक ठरावीक क्रम असतो. धून एकदा वाजवून झाली की तोच क्रम पुनःपुन्हा फिरत राहतो आणि वादक त्यावर आयत्या वेळी सुचेल तशी नवी धून रचत जातो. आपल्याकडे त्रितालाची सोळा मात्रांची आवर्तने फिरत असतात आणि गायक त्यांवर आलाप-ताना रचतो, तसेच काहीसे. आपल्याकडे आधार तालाचा आणि रागाचा. त्यांच्याकडे आधार तालाचा आणि कॉर्डांच्या क्रमाचा.

एरवी जॅझमध्ये कामाची वाटणी ठरलेली असते. बास हे वाद्य पायाचा स्वर देते, ड्रम लय धरतो, पियानो कॉर्ड भरतो आणि सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट धून वाजवतो. पियानो व व्हायब्राफोन या दोघांनीच वाजवायचे ठरवले की तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली, पायाचा स्वर कोण देणार? दुसरी, लय कोण धरणार? तिसरी सर्वांत कठीण : दोन्ही वाद्ये कॉर्ड वाजवू शकतात, दोघांची मधली सप्तके एकच आहेत, मग दोघांनी एकाच वेळी आपापले कॉर्ड वाजवले तर काय होणार? गढूळ पाणी. आमच्या स्नेहसंमेलनात झाले तेच.

म्हणूनच ही दोन वाद्ये एकत्र येत, ती बहुधा इतरांच्या संगतीने. लायोनेल हॅम्प्टन याने १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबरच्या ध्वनिमुद्रणात व्हायब्राफोन वाजवला आणि जॅझमध्ये त्या वाद्याची खरी ओळख झाली. पुढे १९३६ पासून बेनी गुडमनच्या चौकडीत हॅम्प्टन आणि पियानोवादक टेडी विल्सन एकत्र वाजवू लागले. पण तिथे गुडमनची क्लॅरिनेट आणि जीन क्रूपाचा ड्रम होता. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट'मध्ये मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन आणि जॉन लुइसचा पियानो यांचे सूत सुरेख जमले होते. पण तिथेही बास आणि ड्रम होतेच. आधाराच्या त्या दोन्ही भिंती काढून टाकायच्या, हे धाडस दोघांच्या मैफलीत आहे.

कोरिया आणि बर्टन

गॅरी बर्टन यांचा जन्म १९४३ चा, अमेरिकेतील इंडियाना राज्यात. लहानपणी ते जवळजवळ स्वतःच्या बळावर शिकले. जोडीला पियानो किंवा बास नसताना एकट्याने वाजवायचे, तर एका वेळी एक स्वर पुरत नाही. म्हणून प्रत्येक हातात दोन, अशा चार काड्या धरून वाजवण्याची पद्धत त्यांनी इतकी घोटली की काड्या धरण्याच्या त्या रीतीला आज त्यांचेच नाव आहे. त्यामुळे व्हायब्राफोन हे केवळ धून वाजवणारे वाद्य न राहता छोटा पियानोच झाला. शिवाय ते मोटर बहुधा बंदच ठेवीत. लहर नको, स्वच्छ स्वर हवा, हा त्यांचा आग्रह. एका काडीने पट्टी वाजवायची आणि दुसऱ्या काडीने शेजारच्या पट्टीचा नाद हलकेच थांबवायचा, ही त्यांची आणखी एक खुबी. वाजवणे तर कोणीही शिकतो, थांबवणे शिकावे लागते!

चिक कोरिया यांचा जन्म १९४१ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी गावचा. लहानपणी ते ड्रमही वाजवीत. त्याचा ठसा त्यांच्या पियानोवर शेवटपर्यंत राहिला. बोटांचा आघात नेमका, लय काटेकोर. १९६८ पासून ते माइल्स डेव्हिसच्या संचात होते.

१९७२ साली म्युनिक येथील एका महोत्सवात दोघांनी एकत्र वाजवले. तेथील ई.सी.एम. या ध्वनिमुद्रण संस्थेचे मॅनफ्रेड आयशर यांनी ही जोडी ध्वनिमुद्रित करायचे ठरवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतील ऑस्लो येथे 'क्रिस्टल सायलेन्स' तयार झाली. तीत नऊ रचना आहेत. 'सेन्योर माउस' ही स्पॅनिश वळणाची आणि वेगवान, तर 'चिल्ड्रन्स साँग' ही एका लहानशा आकृतीभोवती फिरणारी छोटी रचना. जिच्यावरून ध्वनिमुद्रिकेला नाव मिळाले ती रचना मात्र नऊ मिनिटांची आणि अतिशय संथ आहे.

ही जोडी एका ध्वनिमुद्रिकेवर थांबली नाही. १९७९ ची 'ड्युएट', त्याच वर्षी झ्युरिक येथे झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण, १९९७ ची 'नेटिव्ह सेन्स', २००८ ची 'द न्यू क्रिस्टल सायलेन्स' आणि २०१२ ची 'हॉट हाउस' असा हा प्रवास चाळीस वर्षे चालला. त्यात त्यांना ग्रॅमी पारितोषिके अनेकदा मिळाली. बर्टन यांनी २०१७ मध्ये वादनातून निवृत्ती घेतली आणि कोरिया फेब्रुवारी २०२१ मध्ये निवर्तले. या वाद्यजोडीची मोहिनी इतरांनाही पडली. बॉबी हचरसन व मॅकॉय टायनर यांची 'मॅनहॅटन मूड्स' १९९४ मध्ये निघाली, तर बर्टन यांनी जपानी पियानोवादक माकोतो ओझोने यांच्यासह १९९५ मध्ये 'फेस टु फेस' काढली.

भागीदारीचा कायदा

ही जोडी टिकली कशी, याचा विचार करताना मला आमच्या अभ्यासक्रमातील भारतीय भागीदारी कायदा, १९३२ आठवला. वाणिज्येतर वाचकांनी क्षणभर धीर धरावा. या कायद्याचा गाभा असा की प्रत्येक भागीदार एकाच वेळी मालकही असतो आणि दुसऱ्याचा प्रतिनिधीही. तो जे करतो त्याने दुसरा बांधला जातो आणि दुसरा जे करतो त्याने तो. आमचे प्राध्यापक यालाच परस्पर प्रतिनिधित्व म्हणतात आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

'क्रिस्टल सायलेन्स' ऐकताना मला हे तत्त्व प्रथमच पाठांतराबाहेर समजले. बर्टन धून वाजवू लागले की कोरिया त्यांचे प्रतिनिधी होतात. त्यांचा डावा हात खालच्या सप्तकात जाऊन पायाचे स्वर देतो, उजवा हात अधूनमधून तुटक कॉर्ड टाकतो. मधली जागा मोकळी सोडलेली असते, कारण तिथे व्हायब्राफोन बोलतो आहे. मग पाळी बदलते. पियानो पुढे येतो आणि व्हायब्राफोन चार काड्यांनी मंद कॉर्ड धरू लागतो. ते पेडलने लांबवलेले असले तरी विरत जाणारे असल्यामुळे वाट अडवीत नाहीत. पहिल्या अडचणीचे उत्तर असे जागेच्या वाटणीत मिळते आणि तिसऱ्या अडचणीचेही.

दुसरी अडचण लयीची. इथे कोणीच लय धरत नाही, आणि म्हणून दोघांनाही ती मनात धरावी लागते. भागीदारीतील अमर्यादित जबाबदारी ती हीच. ड्रमच्या मागे लपण्याची सोय नाही. एकाची मात्रा चुकली तर नुकसान दोघांचे.

आणि या पेढीचे भांडवल कोणते? माझ्या मते, विरणारा स्वर. स्वर टिकत नाही ही या वाद्यांची उणीव खरी. पण तो विरतो म्हणूनच दुसऱ्याला बोलायला जागा होते. दोन्ही वाद्ये अखंड वाजणारी असती, तर प्रत्येक वेळी एकाला गप्प बसावे लागले असते. इथे कोणालाच पूर्ण गप्प बसावे लागत नाही. एकाचा स्वर ओसरत असतो आणि त्या ओसरण्यात दुसऱ्याचा उमटतो. पियानोचा नाद तारेचा, भरदार. व्हायब्राफोनचा धातूचा, निर्मळ. इतके सारखे की एकमेकांत मिसळावेत, आणि इतके वेगळे की मिसळूनही ओळखू यावेत. ही वाद्यजोडी इतकी वर्षे टिकून आहे, याचे कारण मला यात दिसते.

आपल्याकडील दाखले

हे सारे परक्यांचेच आहे, असे मात्र समजू नये. काठीने वाजवायच्या वाद्यातून सलग स्वर कसा काढावा, हा प्रश्न पं. शिवकुमार शर्मा यांनाही पडला होता. १९५५ साली मुंबईत त्यांनी संतूर प्रथम मोठ्या मैफलीत वाजवले तेव्हा, मींड नाही तर हे वाद्य रागसंगीताला काय कामाचे, असा आक्षेप घेणारे होते. काड्या तारांवरून हलकेच घसरत नेऊन सलगतेचा आभास निर्माण करण्याची रीत त्यांनी कष्टाने बसवली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त त्यांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि पं. ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार एकमेकांना कशी वाट करून देतात, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आणि पं. व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन ही तर अखंड स्वराच्या दोन वाद्यांची जोडी. तिथे विरणाऱ्या स्वराची मदत नाही. म्हणून एकाने वाक्य पुरे करायचे आणि दुसऱ्याने ते उचलायचे, हा संयम त्यांनी पाळला.

जॅझही आपल्याला अगदी अनोळखी नाही. मुंबईत गोव्याच्या वादकांनी ते कित्येक वर्षे वाजवले आणि तेथून ते चित्रपटगीतांत आणले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त १९५१ साली काय बहार उडवली, हे आपले आजी-आजोबा सांगतील. बुजी लॉर्ड यांच्यासारख्या पारशी वादकाने चित्रपटसंगीतात व्हायब्राफोनही वाजवला. म्हणजे हे वाद्य आपण नकळत ऐकलेले आहे. फक्त त्याचे नाव माहीत नव्हते.

आणखी एक दाखला उज्जैनहून जवळच असलेल्या देवासचा, आणि तो आपल्या जिल्ह्याचाही. पं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घराणे कन्नड, कर्मभूमी मराठी मुंबई, आणि क्षयाच्या विकारामुळे १९४८ पासून वास्तव्य माळव्यात. एक फुफ्फुस निकामी झाल्यावर लांब श्वासाची गायकी शक्य नव्हती. त्यांनी छोटे, धारदार स्वरसमूह घेतले आणि मधली निःशब्दता गाण्यात सामील करून घेतली. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे तबल्यावर असलेले वसंतराव आचरेकर ती जागा बोलांनी भरून टाकीत नसत. साधा, स्वच्छ ठेका धरून राखून ठेवीत. काका म्हणाले, "देवासला जे ऐकलं तेच मला या ध्वनिमुद्रिकेत ऐकू आलं. भाषा निराळी, शहाणपण एकच." शरीराच्या उणिवेतून गाण्याला जागा मिळाली आणि वाद्याच्या उणिवेतून जोडीला, हे मला तेव्हा एकदम उमगले.

ऐकावे कसे?

ज्यांना ही ध्वनिमुद्रिका ऐकण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी काकांनी मला सांगितलेली रीत देते. एकच रचना तीन वेळा ऐकावी. पहिल्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे लक्ष द्यावे. पाया तिथे आहे. दुसऱ्यांदा, जो वादक आत्ता मागे आहे त्याच्याकडे लक्ष द्यावे. पुढचा आपोआप ऐकू येतो. तिसऱ्यांदा कोणाकडेच लक्ष न देता फक्त स्वर कुठे संपतात ते ऐकावे. पहिल्या दिवशी मला हे तिसरे जमले नाही. चौथ्या दिवशी जमले. त्या दिवशी पंखा बंद करून आम्ही बसलो होतो, आणि मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपलं का रे तुमचं?" तेव्हा शेवटचा स्वर अजून चालू होता.

पुन्हा जलतरंग

सुटीनंतर मी मैत्रिणीकडे गेले. तिच्या घरी कन्नड बोलतात. माझ्याशी ती मराठी बोलते. मी तिला ध्वनिमुद्रण ऐकवले आणि माझी चूक कबूल केली. जलतरंगाचा स्वर क्षणात विरतो आणि पेटीचा भाता मारीपर्यंत टिकतो. म्हणजे आमच्या जोडीत वाट देण्याची जबाबदारी माझी जास्त होती आणि मी नेमके उलट केले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीही काड्या आपटत होतेच की."

त्यानंतर आम्ही नव्याने तालीम सुरू केली. मी खालच्या सप्तकात गेले आणि तिच्या धुनेवर पेटी चढवायची सोडली. ती वाजवत असेल तेव्हा समेवर एखादा स्वर हलकेच द्यायचा आणि सोडून द्यायचा. मी वाजवत असेन तेव्हा ती दोनच वाट्यांवर टिपके देते. पहिले काही दिवस मला हात आवरणे फार जड गेले. बोटे मोकळी दिसली की ती वाजवाविशी वाटतात! एकदा मी अशीच घाईने पुढे गेले तेव्हा ती कन्नडमध्ये म्हणाली, "सावकाश." हा शब्द आमच्या दोन्ही भाषांत आहे. घरी आल्यावर लक्षात आले की त्या शब्दातच अवकाश आहे. जागेसह, जागा ठेवून, म्हणजे सावकाश.

गेल्या महिन्यात एका रिकाम्या वर्गात सहा-सात जणांसमोर आम्ही दहा मिनिटे वाजवले. मधे दोनदा चुकलो. पण मागच्या बाकावर बसलेल्यालाही वाट्या ऐकू आल्या, असे त्याने आपण होऊन सांगितले. येत्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही नाव दिले आहे. कार्यक्रम पुन्हा पडला तर दोष दोघींचा, आणि जमला तर श्रेयही निम्मे-निम्मे. भागीदारीत असेच असते.